उंबरपोडला न पोचलेली जीप

उंबरपोडला कसं जायचं ते आधीच सांगून टाकतो. पांढरकवड्याच्या स्टँडवर उतरायचं, सकाळची एसटी विचारायची आणि बसायचं. सव्वा तासात गाव. रस्ता शेवटपर्यंत डांबरी. बस, एवढंच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. माझी बायको रत्ना म्हणते, की मी जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही, आणि या बाबतीत तिच्याशी भांडायला मला तोंड उरलेलं नाही.

मी अशोक. यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझं लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. पस्तीस वर्षं लोखंड कातून राह्यलो. बाजारात जो पार्ट मिळत नाही तो लोक माझ्याकडे आणतात आणि मी घडवून देतो. याचा मला गर्व आहे, आणि ही सगळी गोष्ट त्या गर्वाचीच आहे. पण आधी जीप.

जीप माझ्याकडे आली ती एका सरकारी कचेरीनं भंगारात काढली तेव्हा. रंगानं हिरवी, म्हणून नावही हिरवी. चारही चाकांना जोर असलेली गाडी. चिखल, नाला, दगड, काहीही पुढे आलं तरी ती चढते. बनवणाऱ्यांनी सगळी अक्कल चाकांत घातली आणि बाकीची गाडी घेणाऱ्याच्या नशिबावर सोडली, असं माझं मत आहे. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. दुसरा गिअर हातानं दाबून धरावा लागतो, नाहीतर बाहेर उडी मारतो. शेजारच्या सीटचं दार दोरीनं बांधलेलं. इंजिन किती तापलं ते सांगणारा काटा माझ्याकडे आली तेव्हापासून झोपलेला. चावीवर गाडी सुरू करणाऱ्या सेल्फचा तर भरवसाच नाही, म्हणून कुठंही गेलो की मी आधी उतार शोधतो. लग्नाला गेलो तर मांडव नंतर पाहतो, उतार आधी. माझ्या ओळखीच्या चार-पाच घरांसमोरचा उतार लोक माझ्यासाठी मोकळा ठेवतात, ‘अशोकभाऊ येऊन राह्यले, तिथं काही लावू नका’ म्हणून.

तरीही माझा जीव तिच्यावर. का, ते सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी उंबरपोडच्या पिठाच्या गिरणीचा शाफ्ट तुटला होता. नवा मी कातला, आणि ऐन पावसाळ्यात, नाल्याला कंबरभर पाणी असताना, हिरवीत घालून नेऊन दिला. तीन नाले होते. दोन ठिकाणी ट्रॅक्टर फसलेले होते, आणि ही बाई त्यांच्या बाजूनं निघून गेली. गावातले लोक रस्त्यावर येऊन पाहत होते. त्या दिवशी मी जीपच्या बोनेटवर हात ठेवला होता, ते अजून आठवतं. तेव्हापासून तिचे सगळे दोष मला आपल्याच घरच्या माणसाचे दोष वाटतात, आणि कुणी तिला नावं ठेवली की राग येतो.

आता ताई. कुसुमताई माझी मोठी बहीण, सत्तरी ओलांडलेली. आमच्या घरातली पहिली मॅट्रिक आणि पहिली मास्तरीण. तिची पहिली नेमणूक उंबरपोडला झाली. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, जंगलातली. तिथं ती एकटी नऊ वर्षं राहिली, त्यांची भाषा शिकली आणि मग पोरांना आपली शिकवली. मी तेव्हा शाळकरी. महिन्यातून एकदा तिचं राशन डोक्यावर घेऊन जायचो, शेवटचे आठ मैल पायी. त्यानंतर तिच्या बदल्या होत गेल्या, संसार झाला, नवरा गेला, मुलगा नागपूरला लागला, आणि उंबरपोडला परत जायचं राहूनच गेलं. तिथली सोनी टेकाम नावाची तिची विद्यार्थिनी, गावातली चौथी पास झालेली पहिली पोरगी, आता तिथल्याच अंगणवाडीत मदतनीस आहे. दोघींचं फोनवर बोलणं चालतं.

ताईला काचबिंदू आहे. डावा डोळा गेलेला. उजव्यातून फुंकणीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसायचं. डिसेंबरात डॉक्टरांनी ऑपरेशनचा सोमवार ठरवला आणि स्पष्टच सांगितलं, की केलं नाही तर उरलेली नजर काही महिन्यांत जाईल, आणि केलं तरी कधी कधी आहे ती एकाएकी जाते. ताईनं सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला म्हणाली, “अशोक, सोमवारच्या आधी मले उंबरपोडले ने.”

मी म्हणालो, सोनीशी फोनवर बोलून घे, ऑपरेशननंतर निवांत जाऊ.

“बोलाचं तर फोनवर होते,” ती म्हणाली. “मले पाहाचं हाय. सोनीचं तोंड पाहाचं हाय.”

तिच्या मुलानं नागपूरहून आपली नवी गाडी आणायची तयारी दाखवली. मी त्याला म्हटलं, बेटा, तुझ्या गाडीचं पोट घासते तिथं, तिथं फक्त हिरवी जाते. सोनीनं फोनवर ताईला सांगितलं होतं, की बाई, आता आमच्या गावाले गाडी येते. ताईनं ते मला सांगितलं. मी म्हटलं, त्यांची गाडी म्हणजे काळीपिवळी टॅक्सी असेल, अर्ध्या रस्त्यात सोडून देणारी. मी कुठं विचारायला गेलो नाही, आणि ताईनं माझ्यावर विश्वास ठेवला.

शुक्रवार

सकाळी सातला निघालो. ताईला आत बसवून दार दोरीनं बांधलं. तिनं मांडीवर डबा घेतला, डोळ्यांच्या थेंबांची बाटली पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, “हे विमानासारखं बांधतं का रे तू मले.” विमानात ती एकदाच बसली आहे, पण तेवढ्यावर सगळ्याची तुलना करते.

जोडमोह्याला चहा आणि आलुबोंडा. वर लाल तर्री. रत्ना सोबत नव्हती, म्हणून मी दोन खाल्ले. ताई बोंड्याकडे न पाहता समोरच्या बाकावर बसलेल्या म्हातारीकडे पाहत होती. तिची पाहायची रीत आता वेगळी झाली होती. मान हळूहळू फिरवायची आणि एकेक वस्तू त्या फुंकणीत आणायची. म्हातारीचं कपाळ, मग नाक, मग हनुवटी. म्हातारी लाजली आणि पदर सारखा करू लागली.

करंजीनंतर मोठा हायवे लागतो. तिथं हिरवीची फार बेइज्जती होते. ट्रक, कंटेनर, दुधाच्या गाड्या, सगळे तिला ओलांडून जातात, आणि जाताना ड्रायव्हर वळून पाहतात. मी त्यांच्याकडे पाहत नाही. पांढरकवड्याच्या जरा आधी ताई एकटीच हसायला लागली. तिच्या पहिल्या नेमणुकीच्या कागदावर तालुका केळापूर लिहिलेलं होतं. तेव्हा झरी जामणी तालुका झाला नव्हता. ही हातात ट्रंक घेऊन थेट केळापुरात उतरली आणि गावभर कचेरी विचारत फिरली. तालुक्याला नाव केळापूरचं, कचेऱ्या सगळ्या पांढरकवड्यात. शेवटी देवळासमोरच्या एका बाईनं तिला पाणी पाजून पांढरकवड्याच्या बैलगाडीत बसवून दिलं. ताई म्हणाली, “सरकारनं मले पह्यल्याच दिवशी चुकीच्या गावी पाठवलं, आन् तू म्हणतं मी सरकारी नोकरी सुखानं केली.”

पांढरकवडा सोडून झरीच्या बाजूला वळलो तसा सागवान सुरू झाला. मध्ये मध्ये कपाशी, तूर. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. रस्ता चांगला होता. आता लिहिताना मला स्वतःवर चीड येते, पण तेव्हाही तो चांगला होता आणि मी मनात म्हणत होतो, की असेल इथवर चांगला, पुढे बघू ना. मी खड्ड्यांची वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर खड्डे यावेत अशी माझी इच्छा होती.

गाव चौदा किलोमीटर राहिलं तेव्हा बोनेटमधून वाफ यायला लागली. मी गाडी बाजूला घेतली, सवयीनं उतारावर. झाकण उघडलं तर इंजिन लाल व्हायचं बाकी होतं. पाणी फिरवणारा पंप जाम झाला होता. त्या पंपाच्या आतला बुश, म्हणजे दांड्याभोवतीची कडी, मीच कातला होता, दोन महिन्यांपूर्वी. रत्ना म्हणाली होती, नवा पंप आणून टाका, कायले जिवाले खाता. मी म्हणालो होतो, बाजारातल्या पंपात काय ठेवलंय, हा माझ्या हातचा आहे. तर माझ्या हातचा बुश माझ्या हातात तुकडे होऊन आला. दोष जीपचा नव्हता, हे मला तिथंच कळलं, पण ताईला मी म्हणालो, “जुनी गाडी हाय, गरम झाली.”

बाजूच्या शेतात कापूस वेचणं चाललं होतं. तिथून मारोतराव आले. साठीचे, डोक्याला दुपट्टा. शेत त्यांचंच. त्यांनी इंजिनात डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इतकंच म्हणाले, “चाला, आधी बाईले सावलीत बसवू.” त्यांचं घर शेताच्या कडेलाच. त्यांच्या पत्नी पुष्पाबाईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, “आडनाव काय जी तुमचं?”

आमच्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात ते विचारणाऱ्याला माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. मी नुसतं आडनाव सांगून गप्प बसतो. ताई तसं करत नाही. ती आडनाव सांगते आणि पुढे म्हणते, “आम्ही बौद्ध.” तिनं तसंच सांगितलं. पुष्पाबाई क्षणभर थांबल्या. मग आतून कप आणले, त्यांच्या घरच्यांसाठी जे होते तेच, आणि ताईच्या हातात कप देताना तिची बोटं कपाच्या कानाला नीट लावून दिली, कारण एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं होतं की हिला बाजूचं दिसत नाही. मला त्या घराचं पहिलं तेच आठवतं.

जेवायला सोलेभात होता, ताज्या तुरीच्या दाण्यांचा. आमच्या यवतमाळातही करतात, पण दाणा दुपारी झाडावरून काढून तासाभरात भातात गेला की चव निराळीच लागते. ताईनं दोनदा घेतला. मी फोनवर पांढरकवड्याच्या मेकॅनिकला गाठलं. तो म्हणाला, सकाळी येतो. मुक्काम तिथंच पडला.

शनिवार

मेकॅनिक रशीदभाई दहाला आले. त्यांनी नवा पंप आणला होता, पण तापून इंजिनाचं गॅस्केटही गेलं होतं. ते उघडून, घासून, बसवायचं काम. “शाम तक हो जाएगा, अशोकभाऊ,” ते म्हणाले, “पर मेरी मानो, दूर मत ले जाओ. हेड टेढ़ा हो गया तो फिर नहीं खींचेगी.” मी त्यांना हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, सरळ आहे की वाकडा हे पट्टी लावून दाखवायला लागलो. पस्तीस वर्षं लोखंड कातणाऱ्या माणसाला लोखंडाबद्दल कुणी शिकवलं की त्याचं डोकं फिरतं.

ताई पुष्पाबाईंबरोबर कपाशीत गेली. बाया कमरेला ओटी बांधून वेचत होत्या आणि ही त्यांच्या मागं एकेका झाडाशी थांबत होती. मला दुरून दिसत होतं, मान वाकवून ती एक बोंड पाहायची, सरळ व्हायची, मग दुसरं. दुपारी मी विचारलं, काय पाहून राह्यलती एवढं. ती म्हणाली, “मले एका वेळी एकच बोंड दिसते. पण जे दिसते ते लय चांगलं दिसते रे. तुम्हाले सगळं शेत दिसते, म्हणून तुम्ही बोंड पाहतच नाही.”

जेवायला रोडगे होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, फोडून तुपात कुस्करलेले, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. जेवण झाल्यावर ताई आत पडली आणि मारोतराव जीपपाशी माझ्याजवळ आले. रशीदभाई खाली आडवे होते. मारोतरावांनी तंबाखू मळली आणि सहज म्हणाले, “भाऊ, तुमचं काम होऊ द्या आरामानं. बाईले उद्या सकाळच्या एस्टीनं पाठवून द्या ना. नऊ वाजता जाते इथून. डायरेक उंबरपोड.”

मी विचारलं, “एस्टी जाते तिथं?”

“कईपासूनच जाते. रोड झाल्यापासून. पूल झाले ना तिन्ही नाल्यांवर.” मग म्हणाले, “तुम्हाले माहीत नव्हतं?”

रशीदभाईंचा हात पाना फिरवायचा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी म्हणालो, “माहीत होतं. पण गाडी होऊनच राह्यली आता.”

हे मी का म्हणालो ते तुम्हाला सांगायला हवं, कारण इथं आल्यावर तुम्ही हे पान मिटून मला शिव्या घालाल, आणि घालायलाच पाहिजेत. तीन नाल्यांवर पूल झाले, हे ऐकून मला कुणीतरी माझी वस्तू चोरल्यासारखं वाटलं. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो, की उंबरपोडला जायचं तर हिरवीच पाहिजे. ताईला तिथं मी नेणार होतो, हिरवीतून, आणि सोनी आणि सगळं गाव पुन्हा बाहेर येऊन पाहणार होतं. डोक्यावर राशन घेऊन जाणाऱ्या पोरानं बहिणीला जीपमध्ये बसवून आणली, असं काहीतरी माझ्या मनात होतं. ताईला जे पाहायचं होतं ते सोमवारच्या आधी दिसायला हवं होतं, आणि मी मात्र मला जे दाखवायचं होतं त्यात अडकलो होतो.

मी ताईला काही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत धास्ती, की पुष्पाबाईंच्या तोंडून निघेल. पण त्या वेचणीत होत्या, आणि त्यांना वाटलं असेल की आमचं आमच्यात ठरलेलं आहे. पाच वाजता जीप सुरू झाली, एका झटक्यात. इतकी गोड सुरू झाली की मी रशीदभाईंना मिठी मारली. ताई दारात येऊन म्हणाली, “झाली का रे तुझी हिरवी?” मी म्हणालो, “उद्या सकाळी सोनीच्या दारात.”

रविवार

आठला निघालो. पुष्पाबाईंनी ताईच्या हातात कापसाचं एक बोंड देठासकट दिलं. मारोतराव मला म्हणाले, “बस नऊले येते,” आणि मी मान हलवली. हिशेब सोपा होता. दुपारी बारापर्यंत परत फिरलं तरच संध्याकाळी यवतमाळ गाठता येत होतं, आणि सोमवारी सकाळी आठला दवाखान्यात हजर व्हायचं होतं.

पाच किलोमीटर हिरवी चालली. पहिल्या पुलावरून गेलो तेव्हा ताईनं विचारलं, “हा कोणता नाला?” मी म्हणालो, “मधला कुठला तरी.” सहाव्या किलोमीटरला चढ होता. चढावर हिरवीनं दम सोडला. वाफ नाही, धूर नाही, नुसती बंद पडली. आणि या वेळी चढावर, तोंड वर करून. मी ती मागे सोडून उतारावर ढकलून पाहिली, पुन्हा, पुन्हा. दुसऱ्या खेपेला थोडं गुरगुरली. मी म्हटलं, थंड होऊ दे, दहा मिनिटं, मग घेते ती. ताई रस्त्याच्या कडेला सागाच्या खोडाला टेकून बसली होती.

नऊ वाजून दहा-बारा मिनिटांनी एसटी आली. लाल, रिकामीच बहुतेक. काचेवर पाटी होती आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत उंबरपोड. वाकडी-तिकडी अक्षरं, पण मी ती साफ वाचली. हात वर केला असता तर ती थांबली असती. आपल्याकडची एसटी जंगलात हात दाखवणाऱ्या माणसासाठी थांबत नाही असं होत नाही. माझा हात जीपच्या बोनेटवर होता. मी तो उचलला नाही.

“कोणती गाडी रे?” ताईनं विचारलं.

“झरीची असंन,” मी म्हणालो.

एसटी वळणाआड गेली. मी पुन्हा चावी फिरवली, ढकललं, बोनेट उघडलं, बंद केलं. हेड वाकडं होतं. रशीदभाईंनी सांगितलंच होतं. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. आता मी घामानं भिजलो होतो आणि ताईकडे पाहायची हिंमत होत नव्हती. ती म्हणाली, “राहू दे अशोक. आता वापस जाचं पाहू. उद्याचं चुकाले नको.” तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

दहा वाजता तीच एसटी परत आली. या वेळी मी हात केला. आम्ही चढलो आणि पुढच्या सीटवर बसलो. मागच्या बाजूला चार बाया होत्या, पांढरकवड्याच्या बाजाराला निघालेल्या, आपसात बोलत. मला ते बोलणं कळलं नाही. ताईला कळलं. ती ताठ झाली. वळून तिनं त्यांच्याच भाषेत काहीतरी विचारलं. सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. त्यात ‘उंबरपोड’ हा शब्द मला ऐकू आला, आणि ‘सोनाबाई’, म्हणजे आपली सोनी.

ताई उठली आणि दांडा धरत मागं गेली. त्यांच्यात जाऊन बसली. एकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिनं पाहिला, कपाळ, डोळे, हनुवटी. मग दुसरीचा. चौघींची वयं तिशीच्या आतली असतील, ताईनं शिकवलेल्यांच्या लेकीसुना. त्या हसत होत्या, लाजत होत्या, आणि चेहरा पुढं करत होत्या. पांढरकवडा येईपर्यंत ताई त्यांच्यातच बसून होती. मी पुढच्या सीटवर खिडकीबाहेर पाहत होतो आणि काही दिसत नव्हतं.

स्टँडवर उतरल्यावर तिनं विचारलं, “तुले सकाळी दिसली होती एस्टीची पाटी?”

“हो,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली, आणि यवतमाळची गाडी कुठं लागते ते विचारायला लागली.

नंतर

सोमवारी ऑपरेशन झालं. ज्याची भीती होती तेच झालं. डॉक्टर म्हणाले, नाही केलं असतं तरी उन्हाळ्यापर्यंत नजर जाणारच होती. ताई मात्र सांगत राहिली, की थोडं थोडं दिसते, रंग कळतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की रंग कळणं शक्य नाही. मी ताईला तसं म्हटलं नाही.

जीप मारोतरावांनी ट्रॅक्टरला बांधून पांढरकवड्याला पोचवली. रशीदभाईंनी हेड बदललं. घाण गोष्ट ही, की ती आता मस्त चालते. दाराला नवी कडी बसवली, सेल्फही एका दमात घेते. लोक म्हणतात, आता चांगली झाली तर विकून टाक. रत्नाही म्हणते. मी विकत नाही. वर्कशॉपसमोर उभी असते, मी सकाळी गेलो की पुसतो. तिच्यावरचा माझा जीव कमी झाला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तसं झालेलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

चैत्रात ताई म्हणाली, “चाल, आता उंबरपोडले जाऊन येऊ. हिरवीनंच जाऊ.” मी म्हटलं, एसटीनं जाऊ. ती हो म्हणाली. आदल्या दिवशी तिनं सोनीला फोन केला. सोनी म्हणाली, “बाई, मी अंगणवाडीची निळी साडी नेसून स्टॉपवर उभी राहतो, म्हणजे तुम्हाले दुरूनच दिसंन.” तिला ऑपरेशनचं माहीत नव्हतं. ताईनं सांगितलं नव्हतं.

पांढरकवड्याहून सव्वा तास. उन्हानं साग पार वाळला होता. ज्या चढावर आम्ही डिसेंबरात थांबलो होतो तो चढ एसटीनं कसा आला आणि कसा गेला कळलंही नाही. तीन पूल मी मोजले. गावात घरांवर पत्रे आलेत, शाळा पक्की आहे, दोन खोल्यांची, भिंतीवर बाराखडी. स्टॉपवर पंचावन्नेक वर्षांची बाई उभी होती, अंगावर पिवळी साडी. निळी बहुतेक वाळलीच नसेल, किंवा बाई येणार म्हणून चांगली नेसावीशी वाटली असेल.

सोनी पुढं आली आणि ताईच्या पायांना हात लावायला वाकली. ताईनं आवाजाच्या दिशेनं चेहरा केला, दोन्ही हात पुढं करून तिला उठवलं, आणि म्हणाली, “निळी साडी लय शोभून दिसते तुले.”

सोनीनं आपल्या पिवळ्या पदराकडे पाहिलं. मग ताईच्या डोळ्यांकडे. मग माझ्याकडे. तिनं ताईचे हात आपल्या गालांवर नेऊन ठेवले.

“हो बाई,” ती म्हणाली, “निळीच हाय.”

ताई बराच वेळ तिचा चेहरा चाचपत राहिली. मग माझ्या बाजूला वळून म्हणाली, “पाह्यलं रे अशोक मी सोनीले. आता तू मनाले लावून घेऊ नको.”

मी हो म्हणालो.